बागेतला झरा आणि अर्जातला सातवा मुद्दा

मुलांनो,

तुमच्या बाबांनी तुम्हाला पाठवलेल्या व्हिडिओत निळं-गुलाबी पाणी उडताना दिसतं आणि मागे टाळ्या ऐकू येतात. तुम्ही दोघांनी लगेच लिहिलंत, "आजी, तुझा झरा सुरू झाला! अभिनंदन!" मी चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण ते पाणी झऱ्याचं नाही. ते बोअरचं पाणी आहे. टाकीत साठवतात आणि मोटर लावून तेच तेच पाणी वर फेकतात. रंग दिव्यांचा आहे.

पुढच्या सुट्टीत तुम्ही याल, त्या कारंज्यासमोर फोटो काढाल आणि मग ही समजूत कायमची पक्की होईल. मला ते नको आहे. फोनवर सांगायला गेले की मी चिडते, तुमचे बाबा "जाऊ दे ना आई" म्हणतात आणि विषय बदलतो. म्हणून लिहून काढते आहे. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं आणि तुमच्याशीही बहुतेक इंग्रजीतच बोलले, पण हा सगळा प्रकार मराठीत घडला, माझी चूकसुद्धा मी मराठीतच लिहून दिली. तेव्हा सावकाश वाचा. अडलं तर बाबांना विचारा.

आधी जागा समजून घ्या. पांढरकवड्याच्या रस्त्याने गावात शिरताना डाव्या हाताला जी टेकडी लागते, तिच्या पायथ्याशी बाग आहे. टेकडीवर वरचा थर मुरमाचा आणि खाली काळा अखंड दगड. पावसाचं पाणी मुरमातून झिरपतं, काळ्या दगडावर येऊन थांबतं आणि बाजूला वाट शोधतं. ती वाट बागेच्या वरच्या कोपऱ्यात उघडते. तिथे दगडी कुंड आहे. कुंडातून पाणी दगडी पन्हळीने खाली येतं, तिथे तीन गोमुखं आहेत, आणि त्याहून खालच्या अंगाला दगडी कमळाचं कारंजं. कुंड उंचावर आणि कमळ खाली, त्यामुळे पाणी आपल्याच दाबाने कमळातून वीतभर उसळायचं. कसली मोटर नाही, कसलं बटण नाही. बाग आखली ती इंग्रजांच्या काळातल्या कुठल्याशा साहेबाने. कमळही त्यानेच बसवलं असावं. कुंड मात्र त्याच्या पुष्कळ आधीचं. बंजाऱ्यांचे मीठ-धान्य लादलेले बैलांचे तांडे या वाटेने जायचे तेव्हा इथे मुक्काम करत. "हे पाणी मान्सानं नाही शोधलं, आमच्या बैलाईनं शोधलं," असं तांड्यातले लोक अजून सांगतात आणि त्यात बैलांचं कौतुक जास्त असतं.

मी लग्न होऊन नागपूरहून आले त्याच वर्षी सासूबाई मला अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी तिथे घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी पितरांच्या नावाने जो मातीचा घट भरायचा, त्यात याच झऱ्याचं पाणी लागे. आणि आदल्या दिवशी कुंडाचा उपसा असे. टेकडीपलीकडच्या तांड्यातल्या बाया येत, घागरींनी कुंड रिकामं करत, तळाचा गाळ हातांनी काढत. गावातल्या बाया पायऱ्या आणि तीन भिंती काथ्याने घासत. चौथी भिंत, टेकडीच्या बाजूची, तशीच हिरवी शेवाळलेली. मला ते बघवेना. मी नन्सच्या शाळेत वाढलेली, काम अर्धवट सोडलं तर मला रात्री झोप येत नसे. मी काथ्या घेतला आणि त्या भिंतीला भिडले. एका तरुण बंजारा बाईने माझं मनगट धरलं.

"त्या भिंतीले नको हात लावू, बाई. तिच्यातून पाणी येते."

मी काथ्या खाली ठेवला, पण मनात म्हटलं, असतात लोकांच्या समजुती. ही भिंत बाकीच्या तिन्हींसारखी चुन्यात बांधलेली नव्हती. नुसते दगडावर दगड रचलेले, मधे बोटभर फटी. मला वाटलं, पैसे संपले असतील बांधणाऱ्याचे.

ती बाई पुढे याच बागेत झाडलोटीच्या कामाला लागली. आता तिची नातवंडंही तुमच्याएवढी आहेत. सगळी बाग तिला याडी म्हणते. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात.

झरा एकदम बिघडला नाही. आधी कमळ उसळायचं थांबलं, मग उन्हाळ्यात एक गोमुख कोरडं पडू लागलं, मग दोन. घरोघर नळ आले, घट नळाखाली भरायला लागले, उपसा बंद झाला. कुंडात गुटख्याच्या पुड्या, नारळाच्या शेंड्या, फुटलेल्या गणपतीचा हात. मी शाळेतून निवृत्त झाले आणि एका सकाळी फिरायला गेले असताना पाहिलं, कुणीतरी कुंडात फुटकी खुर्ची टाकली होती. त्या दिवशी घरी येऊन मी फाइल उघडली. वर लिहिलं, 'झरा'.

त्या फाइलने माझी काही वर्षं खाल्ली. नगरपरिषदेत कोण काय बघतं हे कळायलाच एक पावसाळा गेला. बाग उद्यान विभागाची, पाणी पाणीपुरवठ्याचं.

"मग झरा कोणाचा?" मी विचारलं.

"झऱ्याले मीटर नाही न मॅडम," बाबू म्हणाला. "मीटर असतं तं आमचा असता."

दुसऱ्या टेबलावर म्हणाले, "जुना हाये म्हणता, तं कागद दाखवा."

"तो कागदांच्या आधीचा आहे."

"मंग थो आमच्यात येत नाही."

एक साहेब ऐकून घेणारे भेटले, त्यांची बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्यांना मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, त्यांचीही झाली. माझे तीन अर्ज हरवले. चौथ्या वेळी मी पोच घेतली, तर पोच खरी आणि अर्ज गहाळ. तुमचे आजोबा ओसरीवर कापसाच्या भावाच्या बातम्या ऐकत बसलेले असायचे. मला फाइल घेऊन निघताना पाहिलं की म्हणायचे, "काय वं, तू झऱ्याच्या मांगं लागली का झरा तुह्या मांगं लागला?"

पाचवा अर्ज मी असा लिहिला की कुणाला टाळता येऊ नये. अकरा मुद्दे, प्रत्येक मुद्दा स्वतंत्र, भाषा स्वच्छ. गाळ काढणे, पन्हळ मोकळी करणे, गोमुखांची डागडुजी, कमळाची तुटलेली पाकळी. सातवा मुद्दा असा होता: "कुंडाच्या चारही भिंतींतील उघडे सांधे सिमेंटने पक्के भरून घ्यावेत. एकही सांधा सुटू नये." मी तो आजोबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते म्हणाले, "वकिलावानी लिवलं." मला बरं वाटलं.

नवे मुख्याधिकारी तरुण होते, पुण्याकडचे. त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "मॅडम, इतका मुद्देसूद अर्ज मी या जिल्ह्यात पाहिला नाही." काम मंजूर झालं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मी फाइल कपाटात ठेवली आणि पेढे वाटले. ते पेढे आता आठवले की मला माझाच राग येतो.

काम माघात सुरू झालं. मी रोज सकाळी छत्री आणि वही घेऊन जात असे. ठेकेदार ढाणकीकडचा, अदबीने बोलणारा. अर्जाची प्रत त्याने सिमेंटच्या गोण्यांवर वजनाखाली ठेवली होती आणि एकेक मुद्दा झाला की त्यावर टिक करत होता. "मॅडम, तुमच्या कागदाच्या बाहेर एक दगड नाही हलवत," म्हणायचा. गाळ निघाला. पन्हळीतून काय काय निघालं ते लिहीत नाही. कमळाची पाकळी नीट बसली. सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं, आणि मग काम सातव्या मुद्द्यावर आलं.

गवंडी टेकडीकडच्या भिंतीला थापीने सिमेंट भरत होता. याडी झाडता झाडता थांबली.

"बाई, हे डोळे काहून बुजवून राह्यले?"

"कसले डोळे?"

"भिंतीचे. पानी येईन कुठून मंग?"

"याडी, त्या फटी आहेत. दगड सुटून भिंत पडेल."

"आजवर पडली?"

ठेकेदार हसला. "काय वं बुढे, तांड्यात इंजिनेरिंग शिकवते काय?"

"तांड्यात पानी पेते, बाप्पा," याडी म्हणाली. "तुह्या गावात सिमेट पेतात का?"

गवंडी हसायला लागला, ठेकेदाराचा चेहरा उतरला. मला वाटलं आता हे भांडण वाढेल, काम थांबेल, पुन्हा बदली, पुन्हा फाइल. मी याडीला म्हणाले, "वाद नको. सगळं अर्जाप्रमाणे होऊ दे." ती झाडू उचलून झोपाळ्यांकडे निघून गेली. तिने मला चाळीसएक वर्षांपूर्वी मनगट धरून सांगितलेलं मला आठवतही होतं. ते मी विसरले होते असं म्हणण्याची सोय नाही.

ठेकेदार म्हणाला, पंधरा दिवसांत कुंड भरेल. पंधरा दिवस झाले, महिना झाला. घासून लख्ख केलेल्या कुंडाच्या तळाशी धूळ जमली. काम व्हायच्या आधी, खुर्च्या-पुड्यांच्या खालीसुद्धा, तिथे गुडघाभर पाणी असायचं. आता थेंब नाही. आणि बागेच्या कुंपणाबाहेर, टेकडीच्या रस्त्याला, नव्या शौचालयाच्या मागे, जमीन ओली दिसायला लागली. ठेकेदाराने गटार फुटलं म्हणून सांगितलं. याडीने वाकून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मी ओरडले.

"गटाराचं नाही," ती शांतपणे म्हणाली. "आपलंच हाये. वाट बंद केली तं थे काय बसून राहीन? बाई, पावसाच्या आंधी भीत खोल. एक पावसाळा त्या बाजूनं गेलं का मंग इकडं वापस येत नाही. फुलसावंगीकडं माह्या जावयाच्या गावात असंच झालं, इहीर कोरडी आन् वावरात चिखल."

तेव्हा मला कळलं. पंधरा वर्षांच्या मुलालाही कळलं असतं. झरा त्या फटींमधूनच आत येत होता. बांधणाऱ्याने ती भिंत मुद्दाम कोरडी रचली होती, आणि मी ती मुद्देसूद भाषेत बंद करवली होती.

मी त्याच दुपारी मुख्याधिकाऱ्यांकडे गेले. म्हटलं, टेकडीकडच्या भिंतीचं सिमेंट काढायला हवं, मृगाच्या आत. त्यांनी माझं बोलणं पूर्ण ऐकलं. मग फाइल मागवली आणि माझाच अर्ज माझ्यासमोर उघडला. सातव्या मुद्द्याखाली लाल रेघ होती.

"मॅडम, हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"हो. चूक झाली माझी."

"पण काम बरोबर झालंय."

"काम बरोबर झालंय, अर्ज चुकला होता."

ते खरोखरच अवघडले. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाले, झालेल्या कामाला आता दोषदायित्व कालावधी लागू आहे. म्हणजे या मुदतीत कामात दोष निघाला तर ठेकेदाराने दुरुस्त करायचा. दुसऱ्या कुणी हात लावला तर ठेकेदाराची जबाबदारी संपते.

"मग ठेकेदारालाच सांगा."

"काय सांगू? सांधे नीट भरलेत हा दोष म्हणून नोंदवू?"

मी विचारलं, मुदत किती? दोन पावसाळे, ते म्हणाले. आणि मग, मला वाईट वाटू नये म्हणून असेल, त्यांनी टेबलाच्या खणातून एक रंगीत चित्र काढून दाखवलं. "तुम्ही काळजी करू नका. कारंजं चालू होणारच आहे. प्रस्ताव गेलाय." चित्रात कमळाभोवती निळे-गुलाबी दिवे होते. खाली बोअर आणि मोटरची जागा आखलेली होती.

घरी येऊन मी जेवले नाही. आजोबांनी एकदाही थट्टा केली नाही, त्यावरून त्यांना प्रकरण किती गंभीर वाटलं ते मला कळलं. शेवटी ते म्हणाले, "वावरातला बांध चुकीच्या जागी पडला तं माणूस फोडते. अर्ज नाही करत." पण मी अर्ज करणारीच बाई आहे. भिंत सरकारी होती. परवानगीशिवाय हात लावायची माझी हिंमत नव्हती.

वैशाख सगळा अर्जांत गेला. जिल्ह्याच्या ठिकाणी दोनदा गेले. पुरातत्त्वाच्या कचेरीत म्हणाले, यादीत नाही. भूजलाच्या कचेरीतले गृहस्थ एकटे असे होते की ज्यांना भिंतीचं चित्र काढून दाखवताच अर्ध्यातच कळलं. कपाळाला हात लावून म्हणाले, "अरेरे." पण भिंत त्यांच्या अखत्यारीत नव्हती. बाहेर ऊन इतकं की छत्रीची मूठ हातात धरवत नव्हती, आणि मी दिवस मोजत होते. शौचालयामागचा ओलावा आता रस्त्यापर्यंत आला होता. त्यावर कुणीतरी मुरूम टाकून दाबून घेतलं.

याडीशी मी त्या दरम्यान नीट बोललेच नव्हते. एका सकाळी बागेतल्या माझ्या नेहमीच्या बाकावर तीच येऊन टेकली.

"बाई, तुले परवानगी कायची मिळते?"

"म्हणजे?"

"भीत फोडाची नाही मिळत. गवत काढाची मिळते का?"

भिंतीच्या माथ्यावर खरंच गवत होतं. मी बाबूला दोन ओळींचा अर्ज दिला: कुंडाच्या भिंतीवरील गवत स्वखर्चाने काढण्याची परवानगी मिळावी. त्याने तिथल्या तिथे शिक्का मारला. माझ्या सगळ्या फाइलमध्ये एका दिवसात मंजूर झालेला तेवढा एकच कागद आहे.

ज्येष्ठात, ढग यायला लागले होते तेव्हा, सकाळी उजेडात आम्ही दोघी कुंडात उतरलो. याडीने छिन्नी आणि हातोडी आणली होती. मी पायरीवर बसले, शिक्क्याचा कागद पदरात. ती भिंतीवर तळहात टेकवत टेकवत सरकत होती, डॉक्टर पाठ तपासतात तशी.

"इथी एक होता. इथी एक. हा मोठा होता, याच्यातून माही घागर भरे."

पहारेकरी आला. "याडी, काय करून राह्यली?"

"गवत काढून राह्यलो. बाईजवळ कागद हाये."

"गवत तं वर हाये!"

"मुळं खाली हायेत," याडी म्हणाली आणि हातोडी घातली.

तो कागद उलटसुलट वाचत उभा राहिला, तेवढ्यात तिने दोन सांधे उकरले. दोन्ही कोरडे. ठेकेदाराने काम प्रामाणिकपणे केलं होतं. सिमेंट वीतभर आत गेलं होतं. तिसरा सांधा तिने छिन्नी मुठीपर्यंत जाईतो खोदला. आम्हा दोघींचे हात सोलवटले, कारण मधे मीही हातोडी घेतली होती, आयुष्यात पहिल्यांदा. मग छिन्नी ओढताना तिचं टोक ओलं आलं. मागोमाग मातकट पाणी आलं, अगदी थोडं, जखमेतून यावं तसं. याडीने कपाळ भिंतीला लावलं. मी काही केलं नाही. मला चौथ्या-पाचव्याकडे जायची घाई झाली होती. पण तोवर पहारेकऱ्याने फोन केला होता, आणि गवत काढण्याची परवानगी त्याच दुपारी रद्द झाली.

मला नोटीस आली, सार्वजनिक मालमत्तेची हानी. मी मुद्देसूद उत्तर पाठवलं. याडीला कचेरीने महिनाभर कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. मी कचेरीत जाऊन भांडले, तिला परत घेतलं, पण मधल्या महिन्याचं तिचं नुकसान झालं ते झालंच. तिने त्याबद्दल मला एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं.

पाऊस आला. निम्म्याहून जास्त पाणी शौचालयाच्या बाजूनेच गेलं. ती वाट आता त्याने धरली आहे, याडी म्हणाली तशीच. कुंडात श्रावणात पाणी चढलं ते एकाच फटीतून.

दसऱ्यानंतर कारंज्याचं उद्घाटन झालं, तोच तुमचा व्हिडिओ. मंच गोमुखांसमोर घातला होता. मधल्या गोमुखातून पाणी येत होतं, खरं झऱ्याचं, आणि त्याने गालिचा भिजत होता. म्हणून कार्यक्रमाआधी कुणीतरी त्याच्या तोंडात फडकं कोंबलं. मी ते मागच्या रांगेतून पाहिलं. उठून काढायला हवं होतं. पाहुणे "आपल्या पूर्वजांचा हा झरा" म्हणत होते, सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी बसून राहिले, कारण भाषण चालू असताना मधे उठायची मला सवय नाही. पाहुणे गेल्यावर याडीने फडकं ओढून काढलं. त्याच फडक्याने तिने खुर्च्या पुसल्या.

दुसरा पावसाळा संपला की मुदत संपते. तेव्हा भिंतीचा अर्ज मी पुन्हा देणार आहे. त्यात मुद्दा एकच असेल आणि तो द्यायच्या आधी याडीला वाचून दाखवेन. तोवर पाणी कुठे असेल ते सांगता येत नाही.

आज सकाळी मी जाऊन पाहून आले. मोटर बंद होती. कमळ कोरडं आहे. डावं आणि उजवं गोमुख कोरडं आहे. मधल्यातून करंगळीएवढी धार पडते, स्वच्छ आणि थंड आहे, आणि एक घागर भरायला तिला साधारण बारा मिनिटं लागतात.